दुसऱ्याचं गाऱ्हाणं आधी

आमच्या शाळेत भांडण मिटवायचं असलं की शिपाई लागतो. तो शिपाई म्हणजे नवसाबाई. पगार शिपायाचा, काम सगळ्यांचं. मी तिथे बावीस वर्षं गणित शिकवतोय, आणि या काळात आलेल्या-गेलेल्या सगळ्या समित्या मिळून तिच्याएवढ्या उपयोगाच्या नव्हत्या.

माहेर तिचं नांदगावकडचं, शिक्षण चौथी. ती नोकरीला लागली तेव्हा मुख्याध्यापिका आणि पर्यवेक्षक एकमेकांशी बोलत नसत. सहा वर्षं त्यांचे निरोप तिनेच पोचवले. शिव्याशाप वगळून मुद्दा तेवढा सांगायचा, ही सवय तेव्हाची. पुढे कुणी शाळा बुडवायला लागलं की ती घरी जाऊ लागली आणि तिने एक पद्धत पाडली. मास्तर आणि घरचे समोरासमोर बसवायचे, सतरंजीवर. आपलं गाऱ्हाणं कुणी काढायचं नाही. आधी समोरच्याचं सांगायचं, तो 'बरोबर' म्हणाला की मग आपलं. यात भल्याभल्यांची गोची होते. माझीही झालेली आहे.

मागच्या डिसेंबरात सातवीतली सविता शाळेत यायची बंद झाली. तिची आई कमळाबाई पेठकडची. द्राक्षांच्या हंगामात पेठ रोडला खोली घेऊन राहते, सकाळी सहाच्या पिकअपने दिंडोरीकडच्या बागांवर जाते. पोरगी अठरा दिवस नाही म्हटल्यावर वर्गशिक्षक शेखर सरांनी निदान करून टाकलं, "आई कामाला नेत असणार. या लोकांना शिक्षणाचं काही पडलेलं नाही." 'या लोकांना' हे शब्द आमच्या स्टाफरूममध्ये चहाइतकेच चालतात.

नवसाबाई खोलीवर गेली, तर कमळाबाईच थक्क. "रोज दप्तर घेऊन जाते ना ती! तापाचे चार दिस सोडले तर मी एक दिस घरी ठेवली नाय." सविता खाली बघत राहिली. दोघींनी परोपरीने विचारलं, तरी तोंड उघडेना. शेवटी आई म्हणाली, "शिकायचं नसंल तर सोमवारपासून चल माझ्यासंगं बागंवर." ती नुसती धमकी नव्हती. त्याच संध्याकाळी तिने मुकादमाला पोरीचं नाव सांगूनही टाकलं.

शनिवारी संध्याकाळी त्या खोलीतच बैठक झाली. शेखर सरांनी सोबतीला मला ओढून नेलं. आधी कमळाबाईने शाळेचं गाऱ्हाणं सांगितलं, "पोर येत नाय, अन् सरांना वर जाब द्यावा लागतो." सर म्हणाले, "बरोबर." मग सरांची पाळी. कमळाबाईचं गाऱ्हाणं काय असेल, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता. चुळबुळत शेवटी म्हणाले, "पोरगी येत नाही हे आम्ही अठरा दिवस घरी कळवलं नाही."

"बरोबर," कमळाबाई म्हणाली.

नवसाबाई सविताकडे वळली. "आता तू. आधी सरांचं सांग."

"सरांचं काय नाय," सविता म्हणाली. "ताप गेल्यावर मी आलते. या मावशींनीच गेटवरून परत पाठवलं. तीन दिवसांच्या वर खाडा झाला की पालक आणायचा म्हणाल्या. आई आली तर तिचा दिवस मोडतो, मुकादम दुसरी बाई लावतो. म्हणून घरी सांगितलंच नाय. शाळा सुटेपर्यंत देवळात बसायचे."

नियम आमचाच होता. तो करताना हात वर करणाऱ्यांत मीही होतो. पालकांना शिस्त लागावी, असा आमचा उदात्त विचार. नवसाबाई तो रोज सकाळी पाच-दहा पोरांवर चालवायची. त्या पोरांतला सविताचा चेहराही तिला आठवत नव्हता.

नवसाबाई उठली आणि सविताच्या समोर जाऊन बसली. "हिचं गाऱ्हाणं असं," ती म्हणाली, "पोर शिकायला आली व्हती अन् मी तिला हाकलली. बरोबर का गं?"

सविताने मान हलवली.

"मग माझं काय सांगायचं ऱ्हायलंच नाय."

शेखर सरांनी तिथल्या तिथे कबूल केलं की पालकाची अट सुटली, मुख्याध्यापकांना मी सांगतो. कमळाबाईने मुकादमाला फोन लावून पोरीचं नाव काढायला सांगितलं. बैठक झकास झाली, असं मी आणि सर परतताना बोललोही.

सोमवारी सविता आली. तिच्याबरोबर कमळाबाई, धुतलेली साडी नेसून.

"अगं, पालक नको म्हणलं ना?" नवसाबाई म्हणाली. "दिवस कशाला मोडला?"

"मोडू दे. मुकादमाला दुसरी बाई घ्यायची तर घेऊ दे. पोर आत बसलेली मी डोळ्यांनी बघणार हाय."

सातवीच्या खिडकीबाहेर ती उभी राहिली. हजेरीत सविताचं नाव आलं, सविता 'हजर' म्हणाली, तेव्हा गेली. आम्ही एवढे शब्द देऊनही तिने त्यांच्या भरवशावर पोर सोडली नाही, हे नवसाबाईला फार लागलं. मला ते लागायला दुपार उजाडली.