पातूरची लेणी, मारोतीचे रोडगे आणि आग्या मोहोळ

हिवाळा आला की अर्धं अकोला चिखलदऱ्याला जातं. वर पोचेपर्यंत गाड्यांची रांग, पॉइंटवर सेल्फीची रांग, आणि शेजारच्या गल्लीतली तीच माणसं तिथेही भेटतात. यंदा मी घरात जाहीर करून टाकलं की आपण जवळच जायचं, सकाळी निघून संध्याकाळी परत, आणि जिथे कुणी जात नाही तिथे. पातूरची लेणी बघायची. प्रशांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पातूरला काय ठेवलंय असं विचारलं. मला तरी कुठे ठाऊक होतं? वाशीमला जाताना त्या गावाला इतक्या वेळा वळसा घातला, पण लेण्यांकडे मान वळवून पाहिलं नव्हतं.

सासूबाई दारात तूर निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पातूरकडं जाऊनच राहिले त माह्ये रोडगे बी उरकून टाका."

हे रोडगे प्रशांतच्या नावाचे होते. पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला होता. प्लेटलेट इतक्या उतरल्या की डॉक्टर आमच्याशी नजर चुकवून बोलायला लागले. तेव्हा सासूबाईंनी दवाखान्याच्या जिन्यात बसून घाटापलीकडच्या एका मारोतीला रोडगे बोलले होते. पोरगा बरा झाला, नवस तसाच राहिला. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, रोडगे म्हणजे जाड कणकेचे गोळे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. नवसाचे असले तर देवाच्या जागीच भाजावे लागतात आणि आल्यागेल्याला जेवू घालावं लागतं. त्याशिवाय ते देवाला पोचत नाहीत.

शनिवारी सकाळी निघालो. गाडीत आम्ही दोघं, आमची चौथीतली मुक्ता, सासूबाई आणि धाकटे दीर विजूभाऊजी. डिकीत कणीक, वांगी, पातेली आणि गोवऱ्यांचं पोतं. धुकं एवढं होतं की अकोल्याबाहेर पडल्यावर समोरच्या ट्रकचे फक्त लाल दिवे दिसत होते. रस्ता मात्र आता छान झालाय, पाऊण-एक तासात पातूर येतं. स्टँडजवळ गरम आलुबोंडे मिळाले, वर झणझणीत तर्री. पाचजणांचा नाश्ता पुण्यातल्या दोन कॉफीच्या पैशांत झाला. पोटभर खाऊन घ्या, कारण पुढे काही मिळत नाही. प्यायचं पाणीही घरूनच न्या.

लेणी गावाला लागूनच आहेत. आम्हाला तिकीट लागलं नाही, विचारणारंही कुणी नव्हतं. आत शिरले आणि जागीच थबकले. अखंड खडकातले जाड खांब, त्यांच्यावर छिन्नीचे घाव अजून ताजे वाटावेत इतके स्पष्ट, आणि बाहेर हुडहुडी भरत असताना आत उबदार काळोख. मला खरंच धक्का बसला. अजिंठ्याला दोनदा जाऊन आलेली बाई मी, आणि हे माझ्या घरापासून तासाभरावर होतं. दुसरा धक्का भिंतींनी दिला. हात पोचेल तिथपर्यंत बदाम, बाण आणि प्रेमवीरांची नावं. मुक्ता एकेक नाव मोठ्याने वाचत होती. तिला थांबवता थांबवता मला लाज वाटायला लागली, जणू मीच लिहिलं होतं.

विजूभाऊजी म्हणाले, "वयनी, फोटोत हे नावं नका येऊ देऊ. लोकायले वाटन आमीच लिहून आलो."

लेणी तासाभरात होतात. मग घाट चढलो. धुकं विरलं होतं, सागाची पानं वाळून आवाज करत होती आणि उन्हात थांबलं की बरं वाटत होतं. या घाटात गाडी हळूहळूच चालवा, थांबायला जागा आहेत. मारोतीचं देऊळ वरच्या अंगाला, एका तुरीच्या शेताला लागून आहे. एवढंसं देऊळ, पुढे ओटा आणि वर मोठा पिंपळ. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झाडापासून बऱ्याच अंतरावर, काळे पडलेले दगड होते. लोक तिथे रोडगे भाजत असणार हे उघड होतं. विजूभाऊजींनी पोतं तिकडेच नेलं.

सासूबाईंनी त्यांना परत बोलावलं. "तिकडं कायले नेतं? धूर देवाले लागला पाह्यजे. इथीसा लाव, देवाच्या समोर."

त्यांचं काही चुकलं असं कुणाला वाटलं नाही. आमच्याकडे असंच करतात. पिंपळाखाली, देवासमोर गोवऱ्या रचल्या. पहाटेच्या दवाने त्या ओलसर झाल्या होत्या, म्हणून पेटेनात आणि नुसता धूर व्हायला लागला. पांढरा, दाट, सरळ वर जाणारा. सासूबाई खूश झाल्या. चांगला धूर निघून राहिला म्हणाल्या. आमच्यापैकी एकानेही मान वर करून पाहिलं नाही. पिंपळाच्या फांद्यांना आग्या मोहोळं लटकली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

मी आणि मुक्ता गाडीजवळच्या हापशीवर वांगी धूत होतो. प्रशांत तिथेच बादली भरत होता. आधी घरघर ऐकू आली. मग विजूभाऊजी डोकं बडवत गाडीकडे धावताना दिसले. प्रशांतने मुक्ताला उचललं, मला ढकललं आणि आम्ही गाडीत कोंबले गेलो. काचा वर केल्या. आत शिरलेल्या माशा मारल्या. मुक्ताच्या कानाला एक, मला मानेवर दोन-तीन. विजूभाऊजींचा डोळा बघता बघता मिटला. मग मुक्ताने विचारलं, "आजी कुठं हाये?"

आजी गोवऱ्यांपाशीच होती. तिचे गुडघे गेलेत, जमिनीवर बसली की कुणीतरी हात दिल्याशिवाय तिला उठता येत नाही. समोरच्या काचेतून आम्हाला फक्त तिची शाल दिसत होती. डोक्यावरून घेऊन तिने स्वतःला पूर्ण गुंडाळून घेतलं होतं, आणि त्या करड्या शालीवर माशा इतक्या बसल्या होत्या की शालीचा रंग दिसत नव्हता. वांगं अजून माझ्या मुठीत होतं.

प्रशांतने दार उघडलं. मी त्याचा शर्ट धरला, तो सुटला. त्याच क्षणी तिकडे शाल हलली आणि सासूबाईंचं तोंड बाहेर आलं.

"उतरू नको प्रशांत. तुले माही शपथ हाये. गाडीत बस."

तो गेलाच. तोवर शेतातून तूर कापणारे एक काका ओली पोती घेऊन धावत आले होते. एक त्यांनी प्रशांतच्या अंगावर टाकलं. दोघांनी मिळून सासूबाईंना उचललं आणि गाडीत आणून टाकलं. काका दार लावत म्हणाले, "पातूरले न्या सिद्धे. थांबू नका कुठंच." घाट आम्ही कसा उतरलो ते मला सांगता येणार नाही. सासूबाईंचे ओठ सुजले होते, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. मुक्ता त्यांचा हात धरून सारखी विचारत होती, "आजी, झोपून नाही ना राहिली तू?"

पातूरच्या सरकारी दवाखान्यात लगेच इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. प्रशांतच्या पाठीतून आणि हातांतून काटे काढत होते तेव्हा तो एकदाही कण्हला नाही, नजर सगळी आईच्या नाकावरच्या नळीवर. संध्याकाळपर्यंत श्वास सुधारला. तिथल्या तरुण डॉक्टरांना एक गोष्ट समजत नव्हती. "आजी, अंगावर फार चावे नाहीत. शालीनं वाचवलं तुम्हाला. मग सगळे तोंडावरच कसे?"

सासूबाईंना नीट बोलता येत नव्हतं. "झाकलंच होतं तोंड. गाडीचं दार वाजलं, हा उतरू लागला म्हणून काढलं."

मी बाहेर पोर्चमध्ये जाऊन बसले. तो नवस ज्याच्यासाठी होता, त्यालाच वाचवायला तिने स्वतःचं तोंड उघडं टाकलं होतं. चार महिन्यांत दुसऱ्यांदा मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले.

जाणार असाल तर नक्की जा. लेणी बघा, घाटात थांबा, थंडीतच जा. पण झाडाखाली काहीही पेटवू नका, आणि बसण्याआधी वर बघा. कड्याच्या कपारीतही बघा. माशा उठल्याच तर हात झटकत उभे राहू नका, तोंड झाकून पळा, गाडी किंवा घर गाठा आणि सरळ दवाखान्यात जा. घरगुती उपायात वेळ घालवू नका. सोबत कुणी म्हातारं असेल तर त्यांना खुर्चीवर बसवा, जमिनीवर नको.

आम्ही घरी येऊन आता दोन आठवडे झाले. सूज उतरली. परवा संध्याकाळी सासूबाई चहा पिता पिता सहज म्हणाल्या की त्यांनी शालीखाली आणखी रोडगे बोललेत.

प्रशांतने विचारलं, "आता कायच्यासाठी?"

"तू गाडीतून उतरू नये म्हणून."

"पण मी त उतरलो नं आई. देवानं ऐकलंच नाई तुह्यं. मंग रोडगे कायचे?"

सासूबाईंनी बशी खाली ठेवली. "तोंडानं बोलली मी उतरू नको म्हणून. मनातलं त ऐकलंच नं देवानं. बसून राह्यला असता त मले काय वाटलं असतं?"

प्रशांत उठला आणि गच्चीवर गेला.