वाळुंजाला हात लावायचा नाही

“हात लावून तर बघा झाडाला, भावजी! अख्खी गल्ली गोळा करीन.”

“करा की. तुमच्या वाळुंजाची मुळं माझ्या सांडपाण्याच्या पाइपात घुसलीत. झाड आहे का चोर?”

“तहान लागली असेल हो त्याला. तुमच्या दारात माणसाला चहा मिळत नाही, झाडाला पाणी तरी मिळू द्या.”

तारेच्या कुंपणाच्या अलीकडे वहिनी, पलीकडे धाकटा दीर. ती टोपल्या विणणारी, तो जन्मभर लोकांचे नळ बसवत आलेला. दोघांचीही साठी उलटली, भांडण तेवढं तरणंताठं.

वाळुंज हे खरं नदीकाठचं झाड. टोपल्यांसाठी त्याचे फोक, म्हणजे कोवळ्या बारीक काठ्या, वहिनी तिथूनच आणायची. पुढं काठाला सिमेंटची भिंत झाली, झाडं गेली. तेव्हा हिनं एक ओली फांदी आणून परसात खुपसली. दीर खदखदून हसला, “वहिनीनं काठी पेरली, आता छत्री उगवणार!” छत्री नाही उगवली, पण झाड असं फोफावलं की त्याचं हसू पाइपात अडकलं.

या झाडाची एक खोड. दर हिवाळ्यात बुंध्याशी कापलं तरच नवे फोक सरळ नि लवचिक येतात. नाही कापलं तर फांद्या मनगटाएवढ्या होतात. मग त्यांची टोपली होत नाही, फार तर खाटेचा पाय होतो. यंदा वहिनीचा खांदा कामातून गेला होता. करवत ओढवेना. फोक नाहीत तर टोपल्या नाहीत, आणि टोपल्या नाहीत तर लेकाकडं जाऊन राहायचं. सून बोलायला गोड, वाढायला हात आखडता. वहिनीला ते नको होतं.

करवत चालवणारा हात एकच, कुंपणापलीकडचा. पण त्याला वहिनीनं डावीकडं जा म्हटलं की स्वारी उजवीकडं गेलीच समजा. नवी नवरी असताना तिनं एकदा सांगितलं होतं, पाय पुसून घरात या. तेव्हापासून हा बाबा चिखल शोधून आत येतो.

म्हणून तर वहिनी ‘कापा’ म्हणाली नाही. ‘हात लावू नका’ म्हणाली, नि टोपल्या घेऊन बाजाराला निघाली. जाताना तेल दिलेली करवत कुंपणावर ‘विसरली’.

परतली तर झाड गुडघ्याएवढं. काप कसा, तिरपा नि सुबक! सगळे फोक तिच्या दारात फेकलेले. वहिनीनं असा गळा काढला की कुत्री भुंकायला लागली. दीर ओट्यावर बसून मिशीत हसत होता.

जाड फांद्या मात्र त्यानं स्वतःकडं ठेवल्या. घेवड्याच्या वेलांना आधार म्हणून ओल्या जमिनीत रोवत होता, बरोबर पाइपाच्या वर. वहिनीनं ते पाहिलं. रडणं जरा वाढवलं, बोलली काही नाही.

उन्हं तापायला लागली नि एका सकाळी कुंपणावरून आरोळी आली. “वहिनी! घेवड्याच्या काठ्यांना पालवी फुटलीय!”

“अगं बाई! हात गुणाचा आहे हो तुमचा.”

“तुम्हाला ठाऊक होतं. उपटून फेकतो आत्ताच!”

“फेका. माझं काय जातंय?”

दिराचा हात काठीवरच थांबला. “म्हणजे तुम्हाला उपटायलाच हव्यात?”

“असं मी कुठं म्हटलं?”

“मग राहणारच त्या इथं!”

“राहू द्या. पण हिवाळ्यात माझं झाड काय नि तुमची काय, बुंध्याशी कापायची नाहीत. आत्ताच बजावून ठेवते.”

दीर डोळे बारीक करून कुंपणावरच्या करवतीकडं बघत राहिला. कापावं तर वहिनीच्या मनासारखं, न कापावं तर मुळं पाइपात.

वहिनीनं पिंपातले भिजलेले फोक काढून झटकले, अर्धवट टोपली दोन्ही पायांत धरली नि काठ वळवायला घेतला.