परातीतलं पाणी

मुंग्या लागू नयेत म्हणून मनीचा सुकट-भाताचा वाडगा मी पाणी भरलेल्या परातीत ठेवून देते. मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी. मुंग्या थांबल्या, पण वाडगा चाटूनपुसून रिकामा आणि मनी मात्र भुकेली, माझ्या पायांत घोटाळत. हे रोजचंच झालं.

आज दुपारी खिडकीशी उभी राहिले. कुंपणातून एक मुंगूस आलं. परातीच्या काठावर पाय टेकवून आधी पाणी प्यायलं, मग मान लांबवून भात खाऊ लागलं. मनी हातभर अंतरावर बसून नुसती बघत होती. साधी फिस्कारलीसुद्धा नाही! पालीवर झडप घालणारी ही मांजर इथे एवढी शांत कशी?

भिंतीपलीकडून शेजारच्या काकू ओरडल्या, "अगं, हाकल त्याला! मनीला समोर बसून खाऊ घाल आणि वाडगा लगेच आत ने."

मी बाहेर गेले, तसं मुंगूस पळालं. वाडगा उचलताना बोटांना जुने दातांचे व्रण लागले. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, हा वाडगा आमच्या मोत्या कुत्र्याचा. त्याच्या म्हातारपणी एक हडकुळं मांजराचं पिल्लू याच कुंपणातून यायचं आणि त्याच्या भातात तोंड घालायचं. मोत्या हातभर अंतरावर बसून नुसता बघायचा. काकू तेव्हाही म्हणाल्या होत्या, "हाकल तिला."

मनी त्याच्याकडूनच शिकली असेल का हे?

वाडगा मी आत आणला. परात तिथेच राहू दिली, काठोकाठ भरून.