सासऱ्यांनी सरळ केलेली न्हाणी

पृथ्वी गोल आहे याचा मनापासून राग असलेला एकच माणूस मी पाहिलाय, तो म्हणजे माझे सासरे. चाकणच्या एका कंपनीत फिटर म्हणून आयुष्य काढल्यामुळे त्यांना सगळं जग सपाट आणि काटकोनात लागतं. जेवायला बसताना आधी पाट डगमगतो का ते बघतात. आमच्या लग्नात अंतरपाट तिरका धरला म्हणून त्यांनी मंगलाष्टकं थांबवली होती. पलीकडे हार घेऊन मीच ताटकळत होतो, त्यामुळे ही ऐकीव गोष्ट नाही.

तळवड्याला त्यांचं शेतातलं जुनं घर आहे. भोवती आता शेत कमी आणि वर्कशॉपच जास्त. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या चिंचवडला आमच्याकडे राहायला आल्या, त्या राहिल्याच. "त्या न्हाणीत मला उठबस जमायची न्हाई. आधी ती नीट करा, मग बघू," असं त्यांनी नवऱ्याला ठणकावलं. सासऱ्यांना एकट्याने केलेला चहा गोड लागेना.

मी म्हणालो, "सगळं फोडून टाइल्स बसवू."

"जावईबापू, तिची हळद फेडली ती ह्याच काळ्या फरशीवर. फरशी ऱ्हाणार, बंबबी ऱ्हाणार!"

मग बसायला दगडी ओटा आला, धरायला पितळी दांडा आला. जुन्या फरश्या उपटून, घासून पुन्हा बसवायच्या ठरल्या. गवंडी म्हणाला, "अण्णा, पाणी जायला मोरीकडं जरा ढाळ ठेवतो."

"ढाळ? आमी वाकडं काम करत न्हाई!"

सपाटी बघायच्या लेव्हलमधला बुडबुडा मधोमध येईपर्यंत त्यांनी गवंड्याला हलू दिलं नाही. चाचणीच्या अंघोळीचा मान अर्थातच जावयाचा. मी बादली उपडी केली आणि पाणी जागच्या जागी थांबलं. त्याला कुठं जावं तेच कळेना. घोटाभर तळ्यात मी पंचा सावरून उभा, दाराशी गवंडी तोंडात टॉवेल कोंबून हसतोय.

सासरे मात्र हसले नाहीत. पाण्याकडे बघत हळूच म्हणाले, "ती घसरंल की हो हितं."

दुसऱ्या दिवशी सगळ्या फरश्या पुन्हा निघाल्या. या खेपेला गवंड्याला बाजूला बसवून त्यांनी स्वतः एकेक फरशी तिरकी बसवली. दर फरशीला चेहरा असा, जणू कुणी त्यांची दाढ उपटतंय.

रविवारी सासूबाई आल्या, "नुसतं बघायला" म्हणून. बघता बघता अंघोळीला बसल्या. सासरे दाराबाहेर येरझाऱ्या घालत होते.

"दांडा धरलास ना?"

"धरलाय! तुमी जावा तिकडं."

आतून तांब्याचा आवाज येत राहिला. मग त्याच आवाजात, सहज म्हटल्यासारखं, "आन् जावईबापूंना म्हणावं, गाडीतली माझी बॅग आत आणा."

चप्पलही न घालता सासरे स्वतःच गाडीकडे निघाले.