आमची मुलाखत

निवृत्तीनंतर बाईमाणसाने काय करावं याचे सल्ले नाशिकमध्ये फुकट मिळतात. भजनी मंडळ, हास्यक्लब, नातवंडं. मला हसायला मंडळ लागत नाही आणि नातवंडं नाहीत, म्हणून मी व्हिसाच्या ऑफिसात नोकरी धरली. जन्मभर ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं, त्याचं म्हातारपणी काहीतरी होईल अशी आशा होती. झालं ते असं. परदेशात जाऊन स्वतःची कंपनी काढणाऱ्या पोरांना तिथे राहून धंदा करायचा परवाना लागतो, आणि तो मिळण्यासाठी त्यांची सगळी कहाणी तिकडच्या लोकांना पटेल अशा इंग्रजीत मांडावी लागते. ती मांडायचं काम माझं.

ऑफिस सातपूरच्या रस्त्यावर आहे. खाली नळ आणि पाइपांचं दुकान, वर आम्ही. आमचा मालक स्वतःला ‘ग्लोबल मोबिलिटी कन्सल्टंट’ म्हणवतो. त्याची स्वतःची मोबिलिटी दुबईच्या एका सहलीपलीकडे गेलेली नाही, तीही सासऱ्यांच्या खर्चाने. पण भिंतीवर लंडनच्या पुलाचा भलाथोरला फोटो आहे आणि त्याच्याखाली बसून तो गिऱ्हाइकांना तिकडच्या थंडीबद्दल माहिती देतो.

गिऱ्हाइकं मात्र बघण्यासारखी असतात. पूर्वी माणूस शेड टाकायचा, लेथ मशीन आणायचा आणि धंदा करतो म्हणायचा. आता त्याचा मुलगा तोच नट-बोल्ट कॉम्प्युटरवर दाखवतो आणि फाउंडर म्हणवतो. धंदा बसला तर बाप तोंड लपवायचा. मुलगा ‘खूप शिकायला मिळालं’ असं लिहून स्वतःचा फोटो टाकतो. असल्यांच्या कहाण्या इंग्रजीत करताना मला माझ्याच इंग्रजीची लाज वाटायची. एकाने मिसळीच्या दुकानाला ‘फूड-टेक प्लॅटफॉर्म’ म्हणायला लावलं. म्हटलं मी. पगार घेत होते.

या सगळ्यात ती मुलगी आली, आणि तिची कंपनी खरी निघाली.

वणीजवळच्या द्राक्षवाल्या घरातली. इंग्लंडला शिकायला गेली, शिकली आणि तिथेच कंपनी काढली. आपल्याकडची द्राक्षं कंटेनरमधून तिकडे जातात. वाटेत कुठे थंडावा कमी-जास्त झाला तर माल आतून खराब होतो आणि ते कळतं पेटी उघडल्यावर. हिने पेटीत ठेवायचं एक छोटं यंत्र बनवलं होतं. कंटेनर बंदरात लागण्याआधीच कोणती पेटी आधी विकायची आणि कोणती थांबू शकते, हे ते यंत्र सांगायचं. तिथले फळांचे दोन आयातदार ते वापरत होते आणि हाताखाली दोन माणसं कामाला होती. शिक्षणानंतर मिळालेली राहण्याची मुदत आता संपत आली होती. उद्योजकांचा व्हिसा मिळाला नाही, तर कंपनी बंद, ती दोन माणसं घरी आणि ही पण घरी. घरी म्हणजे लग्नाच्या बाजारात, हे तिने सांगितलं नाही, पण मला सांगायची गरज नव्हती.

त्या व्हिसासाठी आधी तिथल्या एका संस्थेची शिफारस लागते. कल्पना नवी आहे का, चालेल का, आणि मुख्य म्हणजे चालवणारी हीच आहे का, हे ते मुलाखत घेऊन तपासतात. ती चुलत बहिणीच्या लग्नाला इकडे आली आणि मुलाखतीची तारीख नेमकी त्याच दिवसांत पडली. व्हिडिओवर, नाशिकच्या बंगल्यातून. कॅमेऱ्यात न दिसता बाजूला बसायला म्हणून मालकाने मला पाठवलं.

बंगल्यात पाऊल टाकलं आणि मला कळेना की मी मुलाखतीला आले आहे की मुलगी बघायला. सोफ्याला नवे अभ्रे. टीपॉयवर फुलदाणी. मुलीला साडी. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास. मुलाखत घेणारी बाई लंडनमध्ये बसणार होती आणि इथे पोहे तयार होत होते. मोठे काका, म्हणजे घरातले कर्ते, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत सोफ्याच्या मधोमध बसलेले. वडील दाराशी उभे, धाकट्या भावाने उभं राहावं तसे.

मी म्हटलं, “काका, मुलाखत तिची आहे.”

“तिचीच हाय की,” काका म्हणाले. “पण पोरगी लाजते बोलायला. आम्ही नुसते बाजूला बसतो. घरचं कोणीतरी दिसलं पायजे ना मॅडम, नाय तर त्यांना वाटंल पोरीच्या मागं कोणीच नाय.”

ती लाजत नव्हती. ती इंग्लंडातल्या आयातदारांशी भावावरून हुज्जत घालून आलेली होती. पण त्या दिवाणखान्यात, त्या साडीत, ती काकांची पुतणी झाली आणि जमिनीकडे बघू लागली. मला तिचा राग आला, काकांचा तर आलाच.

पडद्यावर चष्म्यातली बाई आली. तिने पहिला प्रश्न विचारला, ही कल्पना सुचली कशी? काकांनी घसा खाकरला आणि आपल्या इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, की आमचं घराणं पहिल्यापासून द्राक्षातलं. बाईने विचारलं, हे गृहस्थ कोण? मुलगी म्हणाली, काका. आम्ही सगळे मिळूनच करतो. बाईने विचारलं, कंपनीतले निर्णय कोण घेतं? मुलीने तोंड उघडेपर्यंत काका म्हणाले, सगळे घरी बसून घेतो, शेवटचा शब्द माझा. यंत्र कोणी बनवलं, या प्रश्नावर मुलगी म्हणाली, आम्ही बनवलं. गिऱ्हाइकं कोणी मिळवली? आम्ही. एवढ्यात आईने पोह्यांची बशी टीपॉयवर आणून ठेवली आणि लंडनच्या बाईला दिसेल अशी पुढे सरकवली. मी कपाळाला हात लावला. कॅमेऱ्यात नव्हते म्हणून बरं.

आमच्याकडे मुलीने ‘मी’ म्हटलं की ती आगाऊ आणि ‘आम्ही’ म्हटलं की वळणाची. त्या बाईला हे वळण कुठून माहीत असणार? अर्जात लिहिलेलं, संस्थापक एकटी. समोर दिसलं अख्खं घर.

आठवड्याभरात उत्तर आलं. भाषा सभ्य होती. अर्जदार स्वतः कंपनी चालवते याची खात्री पटत नाही. पुन्हा एकदा बोलू. या वेळी कृपया एकटीने.

आमचा मालक म्हणाला, “कँडिडेट वीक आहे.” काकांचा फोन आला, त्यांचंही तेच. “तिनं घोटाळा केला मॅडम. गप बसून राह्यली. बोलायला पायजे होतं ना तिनं.”

चांगलं झालं की आम्ही, बिघडलं की तिनं. मी फोन ठेवला तो जरा आपटूनच ठेवला.

मग मी तिला ऑफिसात बोलावून तालीम सुरू केली. लंडनची बाई मी झाले.

“यंत्र कोणी बनवलं?”

“आम्ही...”

“आम्ही कोण? राजघराणं आहे का तुझं?”

ती हसली, मग रडली, मग नाक पुसून म्हणाली, “मॅडम, तिकडे म्हणते मी. रोज म्हणते. इथे ‘मी’ म्हटलं की मागून कोणीतरी टपली मारेल असं वाटतं.” मी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि पहिला प्रश्न पुन्हा विचारला.

दुसरी मुलाखत मालकाच्या केबिनमध्ये ठेवली. काका तिला सोडायला म्हणून आले आणि बाहेरच्या खुर्चीवर बसले. “नुसता बसतो,” म्हणाले. आमची केबिन प्लायवूडची आहे. आत कोणी शिंकलं तर बाहेरून देव भलं करो म्हणता येतं. मी त्यांना खाली जायला सांगितलं, ते हलले नाहीत. मग मीही बाहेर त्यांच्या शेजारी बसले.

आत ती ठीक बोलत होती. यंत्र मी बनवलं, पहिला आयातदार मी मिळवला, त्याने दोनदा नाही म्हटलं होतं. मग त्या बाईने विचारलं ते आम्हा दोघांनाही बाहेर स्पष्ट ऐकू आलं. मागच्या वेळी तुमचे काका म्हणाले, शेवटचा शब्द त्यांचा असतो. हे खरं आहे का?

होय म्हटलं तर व्हिसा गेला. नाही म्हटलं तर घरातला कर्ता माणूस खोटा पडला, तोही बाहेर बसलेला असताना. काका खुर्चीच्या कडेवर सरकले. मला तिच्या जागी जाऊन उत्तर द्यावंसं वाटलं, आणि लगेच लक्षात आलं की काकांनाही नेमकं तेच वाटत असणार.

ती सावकाश इंग्रजीत म्हणाली, “नाही. माझे काका द्राक्षं फार चांगली पिकवतात. माझी कंपनी काय करते हे त्यांना माहीत नाही. ठरवते मी.”

काकांना इंग्रजी पुरेसं येतं. तरी त्यांनी मला विचारलं, “काय म्हणली ती?”

मी शब्दन् शब्द मराठीत सांगितलं, काही न गाळता. ते उठले, खाली गेले आणि दुकानातले नळ बघत उभे राहिले. दुकानदाराने कोणता देऊ विचारलं, तर म्हणाले, नुसतं बघतो.

शिफारस मिळाली, पाठोपाठ व्हिसाही मिळाला. मालकाने ऑफिसच्या पानावर तिचा फोटो टाकून खाली लिहिलं, ‘आमचं आणखी एक यश.’ ती इंग्लंडला परत गेली.

महिन्याभराने गावाकडच्या मंगल कार्यालयात तिचा सत्कार झाला, तिच्या गैरहजेरीत. तिच्या वतीने शाल काकांनी घेतली. आई तिसऱ्या रांगेत. मलाही आग्रहाचं बोलावणं होतं. काका माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “पहिल्या वेळी ती इंग्रज बाई लय आडवी लागली. मग दुसऱ्या वेळी आम्ही ठरवलं, का पोरीला एकटीलाच बसवायचं. आणि जमलं.”

मंडप टाळ्यांनी दणाणला. माझा संताप असा झाला की मी जेवणाला थांबले नाही. बसस्टँडवरून तिला फोन लावला आणि काका काय बोलले ते त्यांच्याच आवाजात करून दाखवलं. वाटलं, आता ही तरी चिडेल.

ती तिकडून मोकळी हसली. “बोलू द्या हो मॅडम,” म्हणाली. “इथे सही माझीच चालते.” आणि बंदरात कंटेनर लागला होता, म्हणून तिने फोन ठेवला.