हात उठण्याआधी

धुळ्याच्या धान्यबाजारामागे हमालांची वस्ती होती. १९८८ साली तिथे सरकारी अनुदानावर एक बालकेंद्र सुरू झालं आणि नवऱ्यामागे शिवणकामावर दिवस काढणाऱ्या प्रमिलाबाईंना तिथे काम मिळालं. पोरं सांभाळायची आणि घरोघर बसून आईबापांशी बोलायचं. या वस्तीत पोरांना मार खायला निमित्त लागत नसे.

रुपचंद हमालाच्या दारात त्या पहिल्यांदा गेल्या तेव्हा तो गुरकावला, "मनी पोर शे. तुले काय करनं शे?"

बायको वारल्यापासून लहानगी वेणू आणि दारू, एवढंच त्याच्या घरात उरलं होतं. प्रमिलाबाई वाद घालत बसल्या नाहीत. जात राहिल्या. कधी वेणूचे केस विंचरून देत, कधी बाजारात आज किती पोती उतरली ते विचारत. वर्ष लोटलं. एका दुपारी रुपचंदच वेणूला घेऊन केंद्राच्या पायरीशी आला. प्यायलेला होता, पण शुद्धीत.

"अक्का, आज इले आठेच राहू द्या. मना हात उठी."

असा बाप त्यांनी पाहिला नव्हता. पोरीला आत घेतलं, त्याला पाणी दिलं. पुढे तो असा कितीदा तरी आला.

१९९१च्या उन्हाळ्यात अनुदान थांबलं. संस्थेने खोली सोडली, पाटी उतरवली. प्रमिलाबाई पुन्हा मशीनवर बसल्या.

पावसाळ्याच्या तोंडाशी वेणूला दवाखान्यात नेल्याचं कळलं. त्या धावत गेल्या. डोक्याला पट्टी, एक कान कायमचा गेलेला. रुपचंद पोलिसांच्या ताब्यात, दवाखान्याच्याच ओसरीत बसवलेला होता. त्यांना पाहून तो खाली बघतच बोलला, "मी तिले लिसन उनथू केंद्रावर. कुलूप व्हतं."

त्याला चार शब्द सुनवायचे असं त्या वाटेत ठरवून आल्या होत्या. त्या वेणूच्या खाटेशी जाऊन बसल्या.

मग त्या केंद्राला अनुदान देणाऱ्या सरकारी कचेरीत गेल्या. साहेबांनी नीट ऐकून घेतलं.

"मुलीची सोय बालगृहात होईल. त्याला तरतूद आहे."

"आणि केंद्राला?"

"बाई, झालेलं प्रकरण मी वर दाखवू शकतो. केंद्रामुळे जे घडलंच नाही, ते कसं दाखवू?"

माणूस वाईट नव्हता. भांडायलाही जागा उरली नाही.

वेणू जळगावच्या बालगृहात गेली. प्रमिलाबाई भेटायला गेल्या तेव्हा चांगला कान पुढे करून तिने एवढंच विचारलं, "बा कधळ येई?"

त्यांनी स्वतःच्या ओट्यावर पोरं बसवायला सुरुवात केली. पोरं आली. बाप मात्र येईनात. सरकारी पाटीखाली यायला त्यांना संकोच वाटत नसे. एकट्या विधवेच्या दारात दिवसाउजेडी कोण उभं राहणार? रस्त्यावरून जाताना ते मान वळवत, आणि प्रमिलाबाई मशीन थांबवून त्यांच्याकडे बघत राहत.