दोन अपिलं

पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, पण गावात सगळे त्यांना पंचकाकाच म्हणत. आठवडाभर ते दुकानात जळक्या मोटारीतली तार उकलून नवी भरत. बायको समोर रीळ धरून बसे. रविवारी मात्र पांढरा कोट चढवून ते मैदानात उभे राहत.

क्रिकेटचे संघ बरेच होते, पण करंडक दरवर्षी कारखान्याकडेच जाई. त्यांचं मैदान स्वतःचं आणि खेळाडू पगारी. बाजाराच्या संघात हमाल, दुकानांतले नोकर आणि पंचकाकांचा धाकटा मेहुणा. त्याच्या गोलंदाजीच्या जोरावर त्या वर्षी बाजारवाले पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचले. पंच मेहुण्याचे दाजी आहेत म्हणून कारखान्यानं हरकत घेतली नाही. पंचकाकांच्या सचोटीबद्दल कुणालाच शंका नव्हती.

कारखान्याचा कप्तान नुकताच खेळायला आला होता. मेहुण्याचा चेंडू आत वळला आणि त्याच्या पॅडवर आदळला. बाजारवाल्यांनी अपील केलं. कप्तान जागचा हलला नाही, नुसता खेळपट्टीकडे बघत राहिला. पंचकाकांनी नकारार्थी मान हलवली. कप्तानानं पुढे शतक ठोकलं.

संध्याकाळी बाजारवाले जिंकत आले होते. मेहुणा फलंदाजी करत होता. तसाच चेंडू, तसाच पॅडवर. कारखान्याचे सगळे एकदम ओरडले, आणि पंचकाकांचं बोट वर गेलं.

परत जाताना मेहुणा त्यांच्याजवळ क्षणभर थांबला. ‘दाजी, तोच चेंडू होता,’ एवढंच म्हणाला.

सामना कारखान्यानं जिंकला. कडेनं शिव्या आल्या, ‘विकला गेला’ असं कुणीतरी ओरडलं. त्याचं त्यांना एवढं वाटलं नाही. पण कारखान्याच्या मॅनेजरनं पाठ थोपटून ‘तुमच्यासारखेच पंच हवेत’ म्हटलं, तेव्हा त्यांना कसंनुसं झालं.

घरी बायकोनं चहा पुढे ठेवला. ‘आउट होता का हो तो?’

‘कोण?’

‘दोघंही.’

त्यांनी चहा बाजूला सरकवला. मग म्हणाले, ‘त्या त्या वेळी मला दोन्ही बरोबरच वाटलं. पण कारखानेवाले अपील करतात ना, ते सांगितल्यासारखं करतात. आउट आहे, बोट वर करा. आणि आपले बाजारवाले विचारल्यासारखं करतात. विचारणाऱ्याला नाही म्हणणं सोपं जातं गं. इतकी वर्षं मी असंच केलं असणार. कधी लक्षातच आलं नाही.’

‘मग हे त्याला जाऊन सांगा.’

ते गेले. मेहुण्यानं बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

‘तुम्ही पैसे खाल्ले असते तर बरं झालं असतं, दाजी,’ तो म्हणाला. ‘भांडता तरी आलं असतं. आता भांडू कुणाशी?’

पंचकाकांनी क्रिकेट संघटनेकडे कोट परत केला. कारण विचारलं तेव्हा गुडघे दुखतात म्हणाले. खरं सांगितलं असतं तर जुने सगळेच सामने लोकांनी उकरून काढले असते, आणि तेवढी हिंमत त्यांच्यात नव्हती. लोकांनी काय तो अर्थ काढला. ‘मनात खोट होती, म्हणून सोडलं,’ असं दुकानात आलेलं गिऱ्हाईकही बोलून जाई.

पुढच्या मोसमात नवा पंच आला, आणि करंडक पुन्हा कारखान्याकडेच गेला. मेहुण्यानं खेळणं सोडलं. बाजाराचा संघ त्याच्यावाचून दोन-चार सामने खेळला आणि विस्कटला.

बायको अधूनमधून भावाकडे जाई, एकटीच. जेवणाच्या वेळेआधी परत येई आणि रीळ हातात घेऊन समोर बसे. तिकडे काय बोलणं झालं ते पंचकाका विचारत नसत, आणि ती सांगत नसे.